उशिरा कबूल केलेलं

नववीतली एक मुलगी महिनाभर खोकत होती. तिचे अब्बा चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. दवाखान्यात न्यायचं म्हणजे एक खाडा, खाड्याचे पैसे कापले जाणार, म्हणून रविवारची वाट पाहण्यात दिवस गेले. शेवटी तपासणी झाली आणि क्षय निघाला. अम्मी शाळेत आली आणि हळूच म्हणाली, "टीचर, अर्ज में बीमारी का नाम मत लिखो, लडकी का मामला है."

मी नाव लिहिलं नाही. पण दोनेक महिन्यांनी ती औषधं घेत परत आली, तेव्हा मीच अम्मीला सांगितलं की कोर्स पूर्ण होईपर्यंत तिला घरीच ठेवा, बाकी मुलींचाही विचार करायला हवा. मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. वार्षिक परीक्षा हुकली. नंतर ती आलीच नाही.

हे मला पुन्हा टोचलं ते डॉ. सौम्या स्वामिनाथन यांच्याबद्दल वाचताना. एम. एस. स्वामिनाथन यांची ही कन्या डॉक्टर झाली ती आपल्या पुण्याच्या एएफएमसीत. पुढे दिल्लीच्या एम्समध्ये बालरोगाचं शिक्षण घेतलं आणि १९९२ पासून चेन्नईच्या क्षय संशोधन केंद्रात काम केलं. मुलांचा क्षय, एचआयव्हीबरोबर येणारा क्षय, हे त्यांचे विषय. २०१५ मध्ये आयसीएमआरच्या महासंचालक, २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या उपमहासंचालक आणि २०१९ मध्ये त्या संघटनेच्या पहिल्या मुख्य शास्त्रज्ञ.

ज्या चेन्नईच्या केंद्रात त्या गेल्या, तिथला एक जुना प्रयोग मला माहीत असायला हवा होता. १९५६ साली तिथे काही क्षयरुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि काहींना त्यांच्या गरीब, दाटीवाटीच्या घरांतच औषधं दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष आले. घरातले रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्यामुळे घरच्यांना जास्त लागण झाली, असंही दिसलं नाही. लागणीचा खरा धोका असतो तो औषध सुरू होण्याआधी. म्हणजे ती पोरगी माझ्या वर्गात खोकत होती, तो महिना धोक्याचा होता, आणि तेव्हा मी गप्प होते. धोका ओसरल्यावर मात्र मी तिला दार दाखवलं! आमच्याच पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, एकेकाळी क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन बनत होतं. त्या भिंतीवरून मी रोज शाळेत जाते. बीएडला बालमानसशास्त्राचा पेपर होता, हे कुणी शिकवलं नव्हतं. पण विचारायलाही मी कुणाकडे गेले नाही.

मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगाला ठासून सांगितलं होतं की कोरोना हवेतून पसरत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पद सोडताना स्वामिनाथन यांनी एका मुलाखतीत मान्य केलं की हवेतून पसरतो हे आपण पुराव्याच्या आधारे खूप आधी सांगायला हवं होतं, आणि त्या चुकीची किंमत संघटनेला मोजावी लागली. लोक म्हणतील, जाताना बोलल्या, खुर्चीवर असताना ठामपणे का नाही? बरोबर आहे. उशीर त्यांनाही झाला. तरी एवढ्या मोठ्या खुर्चीवरून उठणारं माणूस सहसा सत्कार घेऊन जातं, चूक सांगून नाही. शाळेतही आम्ही मुलांकडून माफीनामे लिहून घेतो. स्वतः कधी लिहिल्याचं आठवत नाही.

यंदा जूनमध्ये तीच अम्मी धाकट्या मुलाच्या दाखल्यासाठी आली. मुलगी बरी आहे, म्हणाली, घरी शिलाई करते. मी तिला खुर्ची दिली आणि सांगितलं की त्या वर्षी तिला घरी ठेवायला लावणं चूक होतं, ती वर्गात बसू शकली असती. अम्मी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "टीचर, ये बात उसी को बोलो ना."

मी पत्ता लिहून घेतला. कुदळवाडीच्या पुढे, भंगारच्या गोदामांमागे. या रविवारी जाणार आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं, तेही तिला सांगायचं आहे.