पाहुण्यांना सरबत

शनिवारचं रिलीज ऐनवेळी पुढे ढकललं गेलं आणि अख्खा वीकेंड मोकळा मिळाला. मग बॅगेत कित्येक दिवस पडून असलेलं एक छोटंसं पुस्तक एका बैठकीत संपवलं. मारियामा बा या सेनेगलच्या लेखिकेची १९७९ सालची कादंबरी, 'सो लाँग अ लेटर'. मूळ फ्रेंच, मी अर्थातच इंग्रजीतून वाचली.

खरं सांगायचं तर पुस्तक उघडतानाच माझं मत तयार होतं. मुसलमान समाज, एका नवऱ्याच्या चार बायका, बिचाऱ्या गप्प बसणाऱ्या बायका वगैरे वगैरे. पण ही रामातुलाये निघाली शिक्षिका. बारा मुलांची आई, श्रद्धाळू. नवरा वारल्यावर इद्दतचे चार महिने दहा दिवस घरात बसून ती जिवलग मैत्रिणीला, ऐसातूला, पत्र लिहितेय.

पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याने दुसरं लग्न केलं, तेही मुलीच्याच मैत्रिणीशी! ही बातमी सांगायला इमाम, दीर आणि एक मित्र असे तिघे आले. रामातुलायेने काय केलं? हसून आभार मानले आणि पाहुण्यांना प्यायला दिलं. मी चिडलोच. ऐसातूवर हीच वेळ आली तेव्हा ती चार मुलगे घेऊन सरळ निघून गेली, शिकली, दुभाषी झाली. मग ही का जात नाही?

पण पुढे गंमत आहे. नवरा गेल्यावर तोच दीर लग्नाची मागणी घालतो. आता मात्र तीस वर्षांचं मौन सोडून ती त्याला तोंडावर झाडते. मग एक खरोखर सज्जन माणूस विचारतो. त्यालाही नकार, कारण त्याच्या घरी बायको आहे. आपल्यावर जे गुदरलं ते दुसरीवर येऊ द्यायचं नाही. नमाज सोडला नाही, नकारही सोडला नाही. ऐसातूच्या जाण्याइतकंच हेही धाडसाचं आहे, हे मला जरा उशिरा कळलं.

श्रद्धा ठेवून नकार देणारी ती एकटी नाही. कुराणात चार बायकांच्या परवानगीला सर्वांना समान न्याय देण्याची अट आहे, आणि त्याच सूरेत पुढे म्हटलंय की असा न्याय तुम्हाला कितीही इच्छा असली तरी जमणार नाही. ट्युनिशियाने १९५६ साली बहुपत्नीत्वावर बंदी घातली, तेव्हा हाच युक्तिवाद पुढे केला गेला. अमिना वदूदसारख्या अभ्यासक स्त्रियांनी तर कुराणच बाईच्या नजरेने वाचायला घेतलं. सेनेगलमध्ये मात्र १९७२ च्या कायद्याने निवड नवऱ्याकडे ठेवली. एकच बायको की जास्त, हे लग्नाच्या वेळी तो नोंदवतो.

'त्यांच्यात असतंच हे', असं मी ऑफिसच्या कँटीनमध्ये बऱ्याचदा बोललोय. पुस्तक मिटल्यावर एकदम आठवलं, माझ्या आजीला दोन आया होत्या. थोरली आई आणि धाकटी आई. थोरलीला मूल नव्हतं. हिंदूंमध्ये दुसरेपणावर देशभर बंदी आली ती १९५५ साली, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही.

रविवारी आजीला फोन लावला. "आजी, दुसऱ्या लग्नाआधी थोरल्या आईला कुणी विचारलं होतं का गं?"

"विचारायचं काय त्यात? पंगतीत वाढायला तीच तर होती."

यावर काय बोलावं सुचेना. मग विचारलं, तिचं नाव काय होतं?

आजीला बराच वेळ आठवलं नाही.