हरलेल्याची फिर्याद

हरलेल्या माणसाच्या तक्रारीला जगात पत नसते. जिंकणारा बोलला तर तो नियमाचा अर्थ सांगतो आणि हरणारा बोलला तर तो रडीचा डाव खेळतो, असे आपण सर्वांनी मनोमन ठरवून टाकलेले आहे.

हा समज फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूतावर एक प्रकरण आहे. जुगाराचा तंटा राजापुढे आला तर जिंकणाऱ्यास लहान व हरणाऱ्यास त्याहून मोठा दंड करावा, कारण हरलेल्यास हार सोसत नाही, असे पूर्वाचार्यांचे मत त्यात दिले आहे. कौटिल्याला ते मान्य नाही. हरलेल्यासच अधिक दंड होऊ लागला तर राजाकडे दाद मागावयास कोणी येणारच नाही, असा त्याचा आक्षेप. जुगारी लोक स्वभावतःच कपटी असतात, हेही तो लगोलग सांगतो; तेव्हा त्याचे मत भोळ्या दयेतून आलेले नाही. लबाडालाही फिर्याद करण्याचा हक्क असतो, एवढेच त्या कठोर राजनीतिज्ञाचे म्हणणे.

आम्ही स्वतः द्यूताचे उपासक नाही. येथे सोलापुरात, आमच्या लहानपणी, दिवाळीच्या पाडव्याला वाड्यात सारीपाट मांडला जाई, तेवढाच आमचा अधिकार. एखादी कवडी जाजमाच्या सुरकुतीत कलती पडली की ती उताणी की पालथी, यावर मोठा गलका होई. निकाल पटाभोवती बसलेली मंडळी मिळून देत. ज्याचा वाडा आणि ज्याचा पट, त्यालाही मत एकच असे. पुढे याज्ञवल्क्यस्मृती वाचताना तीच रीत शास्त्रात सापडली, तेव्हा आम्हांस गंमत वाटली. द्यूतातील तंट्यांचे परीक्षक आणि साक्षीदार खेळणारेच असावेत, असे ती स्मृती सांगते. अड्डा चालविणाऱ्या सभिकाला जिंकलेल्या रकमेत ठरलेला हिस्सा मिळे आणि जिंकणाऱ्याचे पैसे त्याला मिळवून देणे हे त्याचे काम असे. या स्मृतीवरील मिताक्षरा ही विख्यात टीका लिहिली गेली ती कल्याणीस, म्हणजे आजच्या बसवकल्याणास. आमच्या सोलापुराहून ते गाव फार दूर नाही.

आता सभिकाची जागा कॅसिनोने घेतली आहे. गोव्याच्या १९७६ च्या द्यूतविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना मुभा मिळाली आणि पुढे जहाजांवर पत्त्यांच्या खेळांनाही. गेल्या हिवाळ्यात एका माजी विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्ही अशा एका ठिकाणी प्रेक्षक म्हणून दोन तास बसलो. टेबलावर पोकर चालला होता. साठीचे एक गृहस्थ आपल्या दोन पत्त्यांवर एक चिप ठेवून पाळीची वाट पाहत होते. शेजाऱ्याने आपले पत्ते टाकले, ते गोळा करताना पत्ते वाटणाऱ्याने या गृहस्थांचेही पत्ते ओढून ढिगात मिसळले. चिप टेबलावर घरंगळत गेली, ती सर्वांनी पाहिली.

वरच्या अधिकाऱ्याला बोलावण्यात आले. त्याने वाटणाऱ्याला दोन प्रश्न विचारले, गृहस्थांना एकही नाही. पत्ते बाद, लावलेले पैसे डावात राहतील, असा निकाल त्याने दिला. गृहस्थ म्हणाले, “वर कॅमेरा आहे. एकदा पाहून घ्या.” उत्तर आले, “खेळ थांबवता येणार नाही.” टेबलावरची मंडळी कौरवसभेतील वडीलधाऱ्यांप्रमाणे खाली पाहत राहिली. विकर्णासारखा एक तरुण तेवढा बोलला. त्याला स्वतःचे पत्ते सांभाळण्यास सांगण्यात आले.

नियम अधिकाऱ्याच्या बाजूचा होता काय? पोकरमध्ये आपले पत्ते ज्याचे त्याने सांभाळावयाचे असतात. उघडे सोडलेले पत्ते वाटणाऱ्याने चुकून ओढले तर सहसा भरपाई मिळत नाही. परंतु सांभाळण्याची मान्य रीत म्हणजे पत्त्यांवर हात किंवा चिप ठेवणे, आणि गृहस्थांनी नेमके तेच केले होते. २००१ साली स्थापन झालेल्या पोकर स्पर्धा-संचालकांच्या संघटनेने स्पर्धांसाठी जी नियमावली केली, तिचा पहिलाच नियम सांगतो की, खेळाचे हित आणि न्याय्यता सर्वांत आधी पाहावी व प्रसंगी तांत्रिक नियमही त्यापुढे बाजूस ठेवावा. त्याच नियमाच्या शेवटी अधिकाऱ्याचा निर्णय अखेरचा, असेही म्हटले आहे. आम्ही पाहिलेल्या अधिकाऱ्यास शेवटचे वाक्य तेवढे पाठ असावे.

पोकरमध्ये कॅसिनो स्वतः खेळत नाही; आपल्याकडे अड्ड्यावर जिला नाल म्हणतात, तशी एक कपात तो डावागणिक घेतो. मग त्याने पक्षपात का करावा? कारण पैशाचा पक्ष नसला तरी अब्रूचा असतो. आपल्या नोकराची चूक कबूल करण्यापेक्षा परक्या माणसाला हरविणे सोपे. शिवाय कपात डावागणिक मिळते, म्हणून चौकशीत गेलेली पाच मिनिटेही त्याला महाग पडतात.

आणि पुढे दाद तरी कोठे मागावी? १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ३० वे कलम पैजेचा करार रद्दबातल ठरविते, आणि जिंकलेल्या पैजेची वसुली दावा लावून होत नाही. ‘जुगारात गेले, त्यात रडायचे काय?’ असे म्हणून सभ्य समाजही मोकळा होतो. आमचे म्हणणे उलट आहे. ज्या निवाड्यावर अपील नाही, तो देणाऱ्याने दोन्ही बाजू अधिक निगुतीने ऐकल्या पाहिजेत. डाव पाच मिनिटे थांबवावा, पाहणाऱ्यांना विचारावे, आणि निकालाचे कारण सांगावे.

महाविद्यालयात उत्तरपत्रिकेच्या फेरतपासणीसाठी जे अर्ज येतात, त्यांत नापास झालेल्यांचेच पुष्कळ असतात. पहिला आलेला कशाला अर्ज करील? अर्जदार हरलेला आहे, ही गोष्ट त्याच्या अर्जाविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही. आधी उत्तरपत्रिका काढून पाहावी. तो रडतो आहे की खरे सांगतो आहे, ते तिच्यावरूनच कळेल.