बाहुबलीच्या वाटेवर दोन सायकली

व्यापारी घराला सुट्टी मिळते ती कशाच्या तरी निमित्ताने. लग्नकार्य, दशलक्षण पर्व, एखाद्या पंचकल्याणिक महोत्सवाची पत्रिका, फार तर बाजार बंद. केवळ विसाव्यासाठी पेढीचे दार लोटावे, हे या घरांना उधळेपणाचे वाटते. सांगलीच्या हळदबाजारात अडत चालवणाऱ्या एका दांपत्याच्या संसाराची सव्वीस वर्षे अशीच गेली. खाली पेढी, वर घर. जिन्यावर गाठ पडली तरी बोलणे भावाचे किंवा वसुलीचे. मुलगा पुण्याला नोकरीस लागला आणि आपण परतणार नाही असे त्याने फोनवर स्वच्छ सांगितले, त्यालाही दोन वर्षे झाली होती. त्या विषयावर मात्र दोघांत एक अक्षर निघाले नव्हते.

गेल्या मार्गशीर्षात चातुर्मास सरला होता आणि नव्या हळदीची आवक सुरू व्हायला अवकाश होता. एका शनिवारी सौदे आटोपल्यावर दिवाणजींच्या हाती किल्ल्या देऊन दोघे सायकलने कुंभोजच्या बाहुबली टेकडीकडे निघाले. त्यांची सायकल जुनी, काळी, दांडीची. त्यांच्या पत्नीने घेतली ती मुलाची, गिअरची. तो गेल्यापासून जिन्याखाली उभी असलेली. पिशवीत उकळून गार केलेले पाणी, दशम्या आणि एकेक जोड कपडे, एवढाच पसारा.

अंकलीच्या पुलावर कृष्णेचा गारवा लागला. उदगाव मागे पडले, जयसिंगपूर आले. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या जनक पित्याच्या नावाने वसवलेले हे गाव. सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचे. तेथे त्यांच्या जुन्या स्नेह्यांचे घर आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावयाचे म्हणून शेवटचे दोन किलोमीटर दोघांनी बरेच जोराने काटले. रात्रिभोजनाचा त्याग पाळणाऱ्यांचा प्रवास घड्याळापेक्षा सूर्याशी बांधलेला असतो, आणि सायकलवर तो हिशेब पायांना कळतो. भाकरी, दोडक्याची भाजी, बिनलसणीची शेंगदाण्याची चटणी. जेवणानंतर ओट्यावर गप्पा रंगल्या. स्नेह्यांनी आपले कापडदुकान चार वर्षांपूर्वी बंद केले होते. “आता दुपारी झोप येते का?” या प्रश्नावर ते हसले आणि म्हणाले, “पहिले वर्षभर आली नाही.”

रविवारी पहाटे चौघे निघाले. स्नेही दांपत्य मोटारीने, हे दोघे सायकलने. उसाचा हंगाम असल्याने ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या डुलत चालल्या होत्या आणि त्यांना वाट देण्यासाठी वारंवार उतरावे लागत होते. कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जन्मगाव. १८८७ साली येथे जन्मलेल्या या जैन कुटुंबातील मुलाने १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि खेड्यापाड्यांतील, सर्व जातींच्या मुलांना शाळेची वाट दाखवली. त्या मुलांपैकीही कितीजण वडिलांच्या धंद्यात परतले नसतील, असा विचार वाटेत त्या माउलीच्या मनात आला.

टेकडीवर दिगंबर आणि श्वेतांबर, दोन्ही परंपरांची मंदिरे आहेत. मोटारीने आलेली मंडळी बहुधा दर्शन उरकून तासाभरात परततात. पूर्वी यात्रेत वाट हाही अर्धा भाग असे, तो आता गाळला जातो. ही दोघे मात्र पायऱ्या सावकाश चढली. मध्यावर एका कठड्याशी ती थांबली.

“अहो, एक विचारू? दुकान आता कुणासाठी वाढवायचं?”

ते बराच वेळ खालच्या शेतांकडे पाहत राहिले. “वाढवायचं नाही,” ते म्हणाले. “पण बंदही करवत नाही. दिवाणजी पंचवीस वर्षं आहेत.”

“मग त्यांनाच भागी द्या. आणि पोराला कळवा. रागानं नको.”

“तू कळव.”

“नाही. तुम्हीच.”

वर दर्शन झाले. उतरताना ते प्रथमच मुलाच्या कामाविषयी विचारू लागले. तो नेमके काय करतो, किती वाजता घरी येतो, जेवतो कुठे. तिला सारे ठाऊक होते, कारण ती रोज बोलत असे.

दुपारी जयसिंगपुरात स्नेह्यांनी जुन्या पंचांगाच्या पाठीवर आकडे मांडले. दिवाणजींना रुपयात चार आणे भाग, दोन वर्षांनी सहा. उधारीची जोखीम कोणाची, गोदामाचे भाडे कोणी द्यायचे. चार आण्यांवर वाद झाला. बाईंचे म्हणणे पाच आण्यांचे होते. शेवटी त्यांचेच चालले.

निघण्यापूर्वी यजमानांनी पाना आणून विचारले, “वहिनी, सीट उंच आहे, उतरवू का?” त्यांनी पतीकडे पाहिले. त्यांनी पुढे होऊन सायकल धरली. ऊन कलले होते आणि अंकलीचा पूल अजून लांब होता.