अमानत

आमची मावसबहीण लग्न होऊन इंग्लंडला गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. ती लेस्टर शहरात राहते. एका जुम्म्याला वसमतला आमच्या घरी तिचा फोन आला. "खालाजान, घरात कुत्र्याचं पिल्लू आणलंय." अम्मीच्या बोटांतली तसबीह थांबली. "घर में कुत्ता? फरिश्ते कैसे आएंगे बेटा?" एवढंच बोलून तिनं फोन आमच्या हातात दिला.

खरं सांगायचं तर आम्हीही नाक मुरडलं. लहानपणी आम्ही दप्तरात पिल्लू लपवून आणलं होतं, तेव्हा दादीनं पिल्लाला बाहेर काढलं, आम्हांला दोनदा आंघोळ घातली आणि सगळा ओटा धुऊन काढला होता. तो धाक अजून गेलेला नाही.

बहिणीनं समजावून सांगितलं. पिल्लू तिचं नव्हतंच. अंधांना वाटाडे कुत्रे देणाऱ्या संस्थेचं ते पिल्लू आठ आठवड्यांचं असताना आलं होतं आणि वर्षभरानं परत जाणार होतं. खाणं आणि डॉक्टरचा खर्च संस्थेचा. घर, वेळ आणि माया आपली. त्याला बाजारात, बसमध्ये, स्टेशनवर न्यायचं, म्हणजे गर्दीची आणि आवाजाची भीती मोडते. पुढ्यात भरलेली थाळी असली तरी शिट्टी वाजेपर्यंत तोंड लावायचं नाही. 'बिझी बिझी' म्हटलं की लघवी उरकायची. खरं शिक्षण नंतर: रस्त्याच्या कडेला थांबणं, खांबाला वळसा घालणं, आणि मालक 'चल' म्हणाला तरी समोरून गाडी येत असेल तर जागचं न हलणं. हुकूम कधी मोडायचा, हेसुद्धा शिकवतात! आम्ही मुलांना वर्षानुवर्षं फक्त हुकूम पाळायला शिकवत आलो.

पहिल्या महायुद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी 1916 साली जर्मनीत ओल्डेनबर्गला अशा कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. ब्रिटनमध्ये 1931 साली पहिले चार कुत्रे अंधांच्या हाती दिले गेले. 1956 पासून तिथं पिल्लं साध्या कुटुंबांत वाढवायला देतात.

"पण नमाज?" आम्ही विचारलं. ती हसली. आपण हनफी, कुत्र्याची लाळ नापाक, ती लागली तर धुवायची. तिनं नमाजची खोली आणि कपडे वेगळे ठेवले होते. शिकारीसाठी, गुरांसाठी, शेतासाठी कुत्रा पाळायला शरीअतनं मुभा दिली आहे. शिकवलेल्या कुत्र्यानं धरलेली शिकार हलाल असल्याचं सूरह माइदामध्ये आलं आहे. अस्हाब-ए-कहफच्या गुहेच्या उंबऱ्यावर बसलेल्या कुत्र्याची गोष्ट तर आम्ही स्वतःच वर्गात सांगतो. तिच्याच शहरात 2008 साली एका अंध मुस्लिम तरुणासाठी उलेमांनी फतवा दिला. मशिदीच्या दाराशी त्याच्या कुत्र्यासाठी जागा केली गेली. कुत्रा दाराशी बसणार, मालक आत नमाज पढणार.

फोनचा आवाज मोठा होता. बाजूच्या बाजेवर अब्बा सगळं ऐकत होते.

अब्बा शिलाईकाम करायचे. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. सुरुवातीला आम्ही त्यांना फजरला मशिदीत नेत असू. मनगट धरायचं आणि ओढत चालायचं, कारण परत येऊन शाळेची घाई. हळदीचे दिवस होते, मोंढ्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांची पहाटेपासून रांग. एका ट्रॉलीला चुकवायला आम्ही बाजूला झालो आणि अब्बांचा पाय उघड्या नालीत गेला. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर ते म्हणाले, "घरीच पढतो." आम्ही फार आग्रह केला नाही. उलट मनातून बरंच वाटलं. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

एका अंध सहाबीनं हुजूरांकडे अर्ज केला होता की मला मशिदीपर्यंत आणणारा कोणी नाही. हुजूरांनी विचारलं, अजान ऐकू येते का? येते म्हटल्यावर, मग या, असं सांगितलं. ही हदीस आम्ही कितीदा तरी वाचली होती. आपल्याच घरात एक माणूस रोज अजान ऐकत बसून आहे, हे मात्र ध्यानात आलं नाही.

फोन ठेवल्यावर अब्बा हळूच म्हणाले, "वहाँ कुत्ते को सिखाते. तुम तो बी.एड. हो ना बेटा?"

त्या रात्री झोप लागली नाही. वाटाड्या कुत्रा वसमतला आणला तरी चालणार कुठं? फुटपाथ नाही, नाल्या उघड्या, गल्लीतले कुत्रे अंगावर येणार. म्हणजे इथं हे काम माणसालाच करावं लागणार, आणि त्याआधी शिकावं लागणार.

दुसऱ्या दिवशी बहिणीलाच विचारलं. ती म्हणाली, आंधळ्या माणसाला धरून ओढायचं नसतं. त्यानं आपलं कोपर धरायचं आणि आपण अर्धं पाऊल पुढं चालायचं. पायरी आली की थांबून सांगायचं, वर की खाली. आम्ही डोळ्यांना ओढणी बांधून अंगणात सराव केला. धाकटी आम्हांला नेत होती. चार पावलांत घाम फुटला. अब्बा रोज काय सोसत होते, ते तेव्हा कळलं.

वर्ष झालं, पिल्लू पुढच्या शिक्षणाला गेलं. बहीण फोनवर रडत होती. वर्षभर पिल्लाचं नाव न काढणारी अम्मी म्हणाली, "रो मत. अमानत थी, पहुँचा दी."

आता अब्बा फजरला मशिदीत जातात. नाली आली की आम्ही थांबतो. "एक लंबा कदम," एवढं म्हटलं की ते ओलांडतात. आम्ही परगावी असलो तर सहावीची दोन मुलं आळीपाळीनं त्यांना नेतात. कोपर कसं द्यायचं, हे आम्ही सगळ्या वर्गाला शिकवलं आहे. अभ्यासक्रमात तो धडा नाही. पण वर्गातली मुलंही अमानतच आहेत. वर्षभर आपल्याकडे राहतात आणि पुढं जातात. जाताना एवढं तरी सोबत न्यावं.