अमानत कागदावरही हवी

आमच्या घरांतली वडीलधारी माणसं 'ठेव' म्हणत नाहीत, 'अमानत' म्हणतात. पैसे बँकेत ठेवले तरी अमानत आणि पतसंस्थेत ठेवले तरी अमानत. शब्द सुंदर आहे, पण त्याच्यामागे एक संकोच दडलेला असतो. ज्याच्याकडे अमानत ठेवली त्याला हिशेब विचारायचा म्हणजे त्याच्या इमानावर शंका घ्यायची, असं त्यांना वाटतं.

माझे खालू एसटीत होते. निवृत्तीचे पैसे त्यांनी मोहल्ल्याजवळच्या एका पतसंस्थेत ठेवले. ते गेले आणि पुढे काही वर्षांत पतसंस्थेला टाळं लागलं. खालांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी राखलेली रक्कम अडकली. पावती होती, पण तिच्यावर वारसदाराचं नाव नव्हतं. खालांना विचारलं, तर म्हणाल्या, "पहचान का आदमी था बेटा, कागद कायकू पूछना?"

ही गत फक्त आमच्या मोहल्ल्याची नाही. आपला नगर जिल्हा सहकाराचा. प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, गावोगाव सोसायट्या निघाल्या आणि 'आपली संस्था' ही भावना लोकांच्या मनात रुजली. तिने गरिबांचं भलंही केलं. पण शंभर वर्षांहून जुन्या नगर अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले आणि ४ ऑक्टोबर २०२३ रोजी तिचा परवाना रद्द केला. संस्था जुनी आहे, एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

यातला एक फरक आपल्या बुजुर्गांना सांगायलाच हवा. बँक बुडाली, तर एका ठेवीदाराची एका बँकेतली मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतची रक्कम विम्याने सुरक्षित असते. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थेला मात्र हे कवच नाही. पाटीवर दोन्हीकडे 'सहकारी' लिहिलेलं असतं, त्यामुळे फसगत होते.

म्हातारपणी पैसा अडकला की आजारपणही अडून बसतं. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात मोफत होतात. खालांचं कार्ड निघालं आहे, त्यामुळे ऑपरेशनची आशा आहे. पण हे कार्ड रुग्णालयात भरती झाल्यावर कामाला येतं. शुगर आणि बीपीच्या रोजच्या गोळ्या घरच्याच पैशातून घ्याव्या लागतात. खाला महिनाअखेरीला एक दिवसाआड गोळी घेत होत्या, हे आम्हाला मेडिकलवाल्याकडून कळलं.

घराच्या बाबतीतही तेच. आपल्याकडे तोंडी हिबा चालतो. "घर तुझं," म्हटलं, ताबा दिला की झालं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलाने सांभाळलं नाही, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. पण ती अट कुठे लिहिलेलीच नसेल, तर दाखवणार काय? उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, अशी ताकीद कुरआनात आहे. ती माहीत असूनही घरातल्या घरात कागद करायची आपल्याला लाज वाटते.

अन् आता तर चोर फोनमधून येतो. 'पोलीस बोलतोय, तुम्हाला अटक झाली आहे' असं व्हिडिओ कॉलवर सांगून म्हाताऱ्या माणसांना लुबाडतात. अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करायचा. हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा.

आईवडिलांची खिदमत म्हणजे त्यांचे पाय दाबणं, दवाखान्यात नेणं, असं आपण समजतो. ते करावंच. पण एखाद्या रविवारी त्यांच्याजवळ बसून पेटीतल्या पावत्याही बाहेर काढाव्यात. पैसे कुठे आहेत, वारसदाराचं नाव लागलं आहे का, गोळ्या पुऱ्या पडतात का, हे विचारावं. मात्र आवाज हिशेब घेणाऱ्याचा नसावा. पैसे त्यांचे आहेत, निर्णयही त्यांचाच असतो. आपण फक्त वाचून दाखवायचं आणि समजावून सांगायचं.