स्वस्त विमान, महाग घाई

आमच्या कॉलेजच्या डोक्यावरून विमानं जातात. हे वाचून पुण्या-मुंबईच्या वाचकांना वाटेल, काय थाट आहे! पण बारामती एमआयडीसीत कुणालाही विचारा, ती विमानं म्हणजे इथल्या धावपट्टीवरून सुटून घिरट्या घालणारी शिकाऊ पायलटांची छोटी विमानं. थर्मोच्या लेक्चरला मागच्या बाकावर बसून ती मोजायची आमच्या बॅचची जुनी परंपरा. एकदा एकानं सतरा मोजली. नंतर कळलं, एकच विमान सतरा वेळा आलं होतं!

तर, दिसायला विमान डोक्यावर आहे. पण तिकीट काढून बसायचं म्हटलं की लोहगाव गाठायचं, म्हणजे शंभर किलोमीटर.

हे सगळं आठवायचं कारण गेल्या महिन्यातलं मॉक जीडी. विषय आला ‘बजेट एअरलाइन्सचे फायदे-तोटे’. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे इंग्रजीत फाडफाड बोलणार अशी सगळ्यांची खात्री. मी तोंड उघडलं, दोन वाक्यं बोलले आणि थांबले. मला जे सांगायचं होतं ते इंग्रजीत आणि दोन मिनिटांत बसतच नव्हतं. म्हणून इथं लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर सांभाळून घ्या, मराठीत ‘माझा आवडता प्राणी’ याच्यापुढे माझी फारशी मजल गेलेली नाही.

आमच्या घरचा पहिला विमानप्रवास झाला मामाच्या मुलीच्या लग्नासाठी. मामा फरिदाबादला एका कंपनीत आहे. आधी आम्ही नेहमी दौंडहून झेलम एक्स्प्रेसनं जायचो, एक अख्खा दिवस आणि वर दोन-तीन तास. जाऊन येऊन बाबांच्या चार सुट्ट्या नुसत्या रुळांवर जायच्या. या वेळी मी दोन महिने आधी रात्री बारा वाजता बसून तिकिटं काढली, माणशी ३,१०० रुपये. आम्ही चौघं आणि आजी. आजी म्हणजे आईची आई, इंदापूर तालुक्यात उसाच्या रानात राहते. थ्री एसीचं तिकीट दोन हजारांच्या आतबाहेर असतं. फरक हजाराचा आणि वाचणारा वेळ एक दिवसाचा. मी घरात हिरॉईन झाले.

मग खरे आकडे यायला लागले. विमान पहाटे सहाचं, कारण तेच सगळ्यांत स्वस्त होतं. त्या वेळेला पोचवणारी एसटी नाही, म्हणून रात्री एक वाजता गाडी ठरवून निघालो. गाडीवाल्याने ३,५०० घेतले, म्हणजे एका माणसाच्या तिकिटापेक्षा जास्त! सीट निवडायचे पैसे वेगळे म्हणून आम्ही निवडल्याच नाहीत, आणि पाच जण पाच दिशांना बसलो. आजीच्या शेजारच्या मुलानं जागा बदलून दिली म्हणून बरं.

काउंटरवरचा प्रसंग तर विचारूच नका. माणशी १५ किलो सामान, हातात ७ किलो. आमचं एकूण चार किलो जास्त भरलं आणि जादा वजनाला किलोमागे पाचशेच्या वर. त्या चार किलोंत निम्मा गूळ होता. गुळाला किलोला पाचशे! आजीचा यावर विश्वासच बसेना. “आगं, एस्टीत कुणी वजन केलंय का कधी?” ती त्या काउंटरवरच्या मुलीला म्हणाली. शेवटी गूळ हातातल्या पिशवीत आला, बाबांनी दोन शर्टांवर स्वेटर चढवला, आणि भावाच्या जॅकेटच्या खिशात शेंगदाण्याची चटणी गेली. ओटीसाठी आणलेल्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र काढूनच ठेवाव्या लागल्या. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून ते सामानात चालत नाही. नियम बरोबरच आहे. पण लग्नाला निघालेल्या बाईच्या हातून ओटीचं खोबरं काढून घेताना तो समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं, आणि माझं कॉन्व्हेंट मराठी तिथं पुरेना.

पण एकदा ढगांच्या वर गेल्यावर आजीनं खिडकीला जे नाक लावलं ते दिल्ली येईपर्यंत काढलं नाही. आठ वाजून गेले तेव्हा आम्ही दिल्लीत होतो.

आता थोडं इंजिनिअरिंग. (मेकॅनिकलला आहे, तेवढा हक्क आहे!) हे विमान स्वस्त कसं पडतं? अमेरिकेत साउथवेस्ट कंपनीनं १९७१ साली उड्डाणं सुरू केली आणि पुढे जे करून दाखवलं, त्याचीच ही नक्कल. सगळी विमानं शक्यतो एकाच जातीची, म्हणजे स्पेअर पार्ट एक, पायलटचं ट्रेनिंग एक. बिझनेस क्लास नाही, त्यामुळे त्याच विमानात वीस-तीस खुर्च्या जास्त. जेवण फुकट नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, विमान जमिनीवर उभं ठेवायचं नाही. उतरल्यापासून अर्ध्या तासात परत वर. एमआयडीसीत कुठल्याही शॉप फ्लोअरवर विचारा, मशीन बंद म्हणजे पैसा बंद. चेंजओव्हरची मिनिटं वाचवायला आपण इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये जे शिकतो, तेच ते.

आपल्याकडे हे आणलं कॅप्टन गोपीनाथ यांनी, २००३ साली, एअर डेक्कन काढून. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन हे त्या कंपनीचं चिन्ह होतं. एक रुपयाची तिकिटंसुद्धा काढली होती त्यांनी, कर वेगळा. पुढे ती कंपनी किंगफिशरकडे गेली आणि २०१२ मध्ये किंगफिशरच बंद पडली. गो फर्स्ट २०२३ मध्ये थांबली. स्वस्त विकून टिकणं किती अवघड आहे, ते यावरून कळतं. म्हणून सगळ्याच विमान कंपन्यांना लुटारू म्हणून मोकळं व्हावं, असं मला वाटत नाही.

असो. आता तो दुसरा प्रवास, ज्याच्यामुळे मी जीडीत गप्प बसले.

गेल्या वर्षी पावसाळ्यात रात्री साडेदहाला मामीचा फोन आला. मामाला हार्ट अटॅक आला होता, आयसीयूत ठेवलं होतं, डॉक्टर म्हणाले होते जवळच्या माणसांना कळवा. आजी नेमकी आमच्याकडेच होती. तिला कुणी काही सांगितलं नाही, पण आईचा चेहरा बघून ती उठून बसली.

मी लगेच मोबाईल घेतला. लग्नाच्या वेळी काढली होती तशीच तिकिटं, तोच मार्ग, तीच कंपनी. माणशी ११,८०० रुपये. बाबांनी कार्ड शोधून आणलं, ओटीपी यायला उशीर झाला, स्क्रीन परत उघडली तर १२,६५०! आम्ही बघत असताना साडेआठशे रुपये वाढले. दोन तिकिटांचे २५,३००. घरात तेवढे पैसे एकाच कामासाठी बाजूला काढलेले होते, माझ्या फीचा दुसरा हप्ता.

आई म्हणाली, “मी एकटीच जाते.” आजी काहीच बोलली नाही. ती फक्त आपली पिशवी शोधायला लागली. एकाच तिकिटाचे पैसे खर्चायचे, तर आईनं जायचं की आजीनं? बहिणीनं की आईनं? आणि आजी तर एकटी जाऊच शकत नव्हती. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. “दोघी जा,” बाबा म्हणाले, आणि ओटीपी टाकला.

पहाटेच्या विमानात जागाच नव्हती, म्हणून ११:४० चं मिळालं. पहिल्या एसटीनं मी त्यांना सोडायला निघाले. मोरगाव, जेजुरी, सासवड. सासवडच्या अलीकडे पलीकडे जिथं पुरंदरचा नवा विमानतळ व्हायचा आहे, त्या सात गावांतल्या लोकांनी जमीन द्यायला विरोध केला होता. अंजीर-सीताफळाच्या बागा आहेत तिथं. एरवी मी खिडकीतून बघून विचार करते की, कुणाच्या बागेवरून आपण अर्धा रस्ता वाचवायचा. त्या दिवशी मात्र मनात एकच होतं, हा विमानतळ आज इथं असता तर. खोटं कशाला बोलू?

लोहगावला पोचलो तर मेसेज: विमान १:२० ला. मग ३:०५. मग ४:५०. मला आत सोडत नव्हते, मी बाहेर बाकावर. त्या दोघी आत. आई दर अर्ध्या तासानं फोन करून विचारायची, “बाहेर काय म्हणतायत?” जणू बाहेर जास्त माहिती असणार होती! दोन तासांच्या वर उशीर झाला की खायला-प्यायला द्यावं लागतं असा डीजीसीएचा नियम आहे. त्याप्रमाणे त्यांना एक सँडविच आणि ज्यूस मिळाला. आजीनं ते पदरात बांधून ठेवलं, लेकाला भूक लागली असेल म्हणून.

उशीर का झाला, ते मला नंतर कळलं. एक विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं आणि मध्ये सवड फक्त अर्ध्या तासाची. सकाळी कुठंतरी पावसानं तासभर गेला की तो तास पुढच्या प्रत्येक फेरीला चिकटतो. म्हणून दिवसाचं पहिलं विमान बहुतेक वेळेवर असतं आणि संध्याकाळचं रखडतं. पण पहिलं विमान गाठायला बारामतीहून रात्री एकला गाडी करावी लागते! म्हणजे जे स्वस्त आणि वेळेवर आहे ते विमानतळाजवळ राहणाऱ्यांचं.

हाच प्रकार अख्ख्या देशानं डिसेंबर २०२५ मध्ये बघितला. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, इंडिगोकडे त्या हिशोबानं माणसं नव्हती, आणि काही दिवसांत हजारो उड्डाणं रद्द झाली. बाकी कंपन्यांची भाडी इतकी चढली की सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं. १,००० ते १,५०० किलोमीटरला १५,००० रुपये. पुणे-दिल्ली त्याच गटात येतं. ती बातमी वाचताना बाबा म्हणाले, “म्हणजे आपल्याला तेव्हा स्वस्तातच मिळालं म्हणायचं.”

मला खटकतं ते उशिरापेक्षा दुसरंच. एसटीत लग्नाला जा की मयताला, तिकीट तेच. रेल्वेत तत्काळला जास्त पडतात, पण किती पडणार ते आधी माहीत असतं. विमानाचं तिकीट मात्र तुमची घाई मोजतं. दोन महिने आधी ज्याला माहीत आहे की आपण कधी जाणार, त्याला ३,१००; आणि ज्याचा भाऊ आयसीयूत आहे त्याला १२,६५०. अर्थशास्त्राच्या दृष्टीनं हे बरोबर आहे, मला कळतं. शेवटच्या सीटा जास्त दराला विकल्या नाहीत तर पहिल्या सीटा स्वस्त देता येणार नाहीत. म्हणजे बघा, लग्नाला जाताना आमचं जे भाडं वाचलं, ते त्या विमानातल्या कुणीतरी घाईतल्या माणसानं भरलं असणार. त्याचं काय झालं होतं कुणास ठाऊक. आम्ही तर तेव्हा गुळावरून हसत होतो.

त्या दोघी रात्री साडेनऊला हॉस्पिटलमध्ये पोचल्या. झेलमनं निघाल्या असत्या तर तेव्हा त्या अजून गाडीतच असत्या. मामाची अँजिओप्लास्टी झाली होती. आजीला पाच मिनिटं आत सोडलं. मामानं डोळे उघडले आणि म्हणाला, “तू कशी काय आलीस?” आजी म्हणाली, “इमानानं.”

मामा वाचला. त्यामुळे आता मागे वळून कुणी हिशोब मांडू शकेल की, ट्रेननं गेला असतात तरी चाललं असतं, वीस हजार वाचले असते. हे माझ्या आईला म्हणून बघा!

फीचा हप्ता आम्ही दीड महिना उशिरा भरला, दंडासकट. आजी तीन आठवड्यांनी परत आली ती झेलमनंच. विमानाचं नावही काढू देईना. मी आणि बाबा दौंडला आणायला गेलो, तर तिच्याबरोबर दोन पोती सामान, मामीनं दिलेल्या रजया आणि एक पितळी घंगाळ. “कुणी वजन केलं का?” बाबांनी विचारलं. “कशाला करतील,” आजी म्हणाली.

आणि आईनं पोस्टात महिना पाचशेचं आरडी खातं उघडलंय. पासबुकाच्या कव्हरवर तिनं पेननं फक्त ‘दिल्ली’ एवढंच लिहिलंय.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल