खाली फळी घे

स्पॉइलबोर्ड म्हणजे काय, हे अण्णांना समजावायला मी लॅपटॉप उघडला. सीएनसी राउटरचं पातं लाकडाच्या आरपार गेलं तर खालचं टेबल कापलं जाऊ नये, म्हणून एक फळी टाकतात. मार तिनं खायचा. झिजली की बदलायची. एवढं ऐकून अण्णा म्हणाले, "म्हणजे भोक पाडताना आपण खाली फळी घेतो, तीच ना?"

लॅपटॉप मिटला.

आमचं सुतारकामाचं दुकान चिपळूणला. हल्ली गिऱ्हाईक मोबाइलवर देव्हाऱ्याच्या जाळीचा फोटो दाखवतं, ती जाळी आम्ही बाहेरून कापून आणतो आणि आमच्या वाट्याला जोडणं आणि पॉलिश उरतं. म्हणून मशीन स्वतःच बनवायचं ठरवलं. साठवलेले सगळे पैसे त्यात जाणार होते. मोटर, कंट्रोलर, स्पिंडल यांवर वहीची तीस पानं भरली. बेसबद्दल एकच ओळ : एमडीएफचा पोकळ डबा, आत उभ्याआडव्या पट्ट्या. स्वस्त आणि वजनाच्या मानानं खरंच ताठ.

अण्णांनी एवढंच विचारलं, "पाणी आलं तर?"

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात कमरेच्या वर होतं. ओसरल्यावर आत गेलो तर एमडीएफच्या शीटा चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या झालेल्या. अण्णांचा सागवानी बाक मात्र चिखल धुऊन सावलीत वाळवला, तो आजही वापरात आहे. मी म्हटलं, कडा सील करू, दोन हात रंग देऊ. ते म्हणाले, "आणि हा डबा माडीवर न्यायला माणसं किती लागतील?" माझ्या वहीत या प्रश्नाला जागाच नव्हती.

मग आराखडा उलटा केला. पाण्यात राहिलं तरी चालेल असं खाली, उचलून नेता येईल असं वर. खाली 50 बाय 50 च्या चौकोनी लोखंडी पाइपची फ्रेम, 750 बाय 1000 मिलिमीटर. माप मुद्दाम असं धरलं, कारण मग कर्ण बरोबर 1250 येतो आणि काटकोन टेपनंच तपासता येतो. रेल, मोटरी, स्पिंडल, सगळं बोल्टवर. एमडीएफ फक्त स्पॉइलबोर्डला, 18 मिलिमीटर.

फ्रेम वेल्डिंग होऊन आली. दोन्ही कर्ण 1250. मी खूश. अण्णांनी दोन सरळ सागवानी पट्ट्या घेतल्या, एक फ्रेमच्या या टोकाला, एक त्या टोकाला ठेवली, वाकून एक डोळा मिटला.

"पीळ आहे."

होता. वेल्डिंगच्या उष्णतेनं लोखंड ओढलं जातं, एक कोपरा जवळपास दीड मिलिमीटर वर गेला होता. कर्ण काटकोन सांगतात, पीळ सांगत नाहीत. मला वाटलं, काय बिघडतं? शेवटी स्पॉइलबोर्ड त्याच मशीननं घासून सपाट करायचाच असतो. इथेच माझं चुकत होतं. स्पिंडल रेलवरून चालतो. रेलमध्ये पीळ असेल तर तो फळीवर इमानेइतबारे तोच पीळ कोरणार, आणि वर ठेवलेला सरळ पाट डुगडुगणार. घासल्यानं फळीचे उंचवटे जातात, पायातला दोष जात नाही. (हे कुठल्याच व्हिडिओत नसेल असं नाही. मी बहुधा पुढे सरकवला असेल.)

दोन दिवस नुसतं पॅकिंग चाललं. रेलखाली पत्र्याचा तुकडा घाल, आवळ, पट्ट्या ठेव, डोळा मीट. मी मिलिमीटरमध्ये बोलायचो, अण्णा सुतात. "पाव सूत अजून." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी मनात गुणाकार करेपर्यंत ते पुढच्या कोपऱ्यावर गेलेले असायचे.

स्पॉइलबोर्ड आठ बोल्टांवर बसवला. बोल्टांची डोकी 9 मिलिमीटर खोल बुडवली, म्हणजे दर वेळी अर्धा मिलिमीटर घासला तरी पातं डोक्याला लागायच्या आत सोळा-सतरा वेळा घासता येईल. दमट हवेत एमडीएफ फुगतं, तेव्हा दर पावसाळ्यानंतर एकदा तरी घासावाच लागणार.

पहिल्यांदा घासण्याआधी फळीभर पेन्सिलीच्या रेघा मारल्या. जिथे रेघ शिल्लक राहील तिथे फळी खोल. पहिल्या फेरीत सगळ्या पुसल्या गेल्या, दाराकडच्या कोपऱ्यात बोटभर रेघ उरली. दुसऱ्या फेरीत तीही गेली.

अण्णांनी फळीवर हात फिरवला, भुसा फुंकला. मग भिंतीत एक खिळा ठोकला आणि आठ बोल्टांची ॲलन की त्यावर टांगली, कमरेच्या बरीच वर.